रसिकाचा हक्क

दोन माणसें भांडून वेगळीं झालीं आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां एकत्र आलीं, तर त्यांच्या आप्तांस आनंद व्हावा यांत नवल नाहीं. भावाभावांच्या वाटणींत अंगणामध्यें घातलेली भिंत पडली, म्हणजे म्हाताऱ्या आईला चार घांस अधिक जातात, हें आपण पाहतोंच. परंतु ज्यांचें त्या दोघांशीं रक्ताचें नातें नाहीं, साधी ओळखदेखहि नाहीं, ज्यांना त्यांच्या भांडणानें तोशीस लागली नव्हती कीं समेटानें कांहीं लाभ व्हावयाचा नाहीं, अशा लक्षावधि माणसांना त्या समेटाच्या वार्तेनें गहिंवरून यावें, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. नाटकमंडळी, गायकांची जोडी, वाद्यवादकांचा मेळा यांच्या बाबतींत असें नेहमीं घडतें. आणि ज्याअर्थीं तें नेहमीं घडतें त्याअर्थीं मनुष्यस्वभावाचा कांहीं तरी खोल धागा त्यांत गुंतलेला असला पाहिजे.

ताजें उदाहरण घ्यावयाचें तर इंग्लंडांतील 'ओॲसिस' या रॉक बँडचें घेतां येईल. नोएल आणि लिअम गॅलाघर या सख्ख्या भावांच्या भांडणानें हा बँड २००९ सालीं मोडला. २०२४ च्या ऑगस्टमध्यें दोघे पुन्हां एकत्र गाणार असें जाहीर झालें, आणि ४ जुलै २०२५ रोजीं कार्डिफ येथें त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. तिकिटांसाठीं उडालेली झुंबड आणि मागणीबरोबर दर चढत गेल्यामुळें झालेली ओरड यांच्या वार्ता जगभर पसरल्या. अजिंठ्याच्या वाटेवरील आमच्या फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गांवींहि त्यांची चर्चा करणारे विद्यार्थी मला भेटले. बँड मोडला तेव्हां हीं मुलें बालवाडीच्या वयाचीं असतील नसतील. त्यांच्या बोलण्यांत दोन सूर ऐकूं आले. एक पक्ष म्हणे, "त्यांनीं एकत्र यावयासच हवें होतें, आम्हीं त्यांच्यावर इतकें प्रेम केलें आहे." दुसरा म्हणे, "पैशासाठीं आले आहेत, झालें! जुनी गोडी आतां त्यांत कोठली?" हे दोन सूर वरवर एकमेकांस छेद देतात, पण माझ्या मतें ते एकाच समजुतींतून निघालेले आहेत. ती समजूत अशी कीं, ज्या कलावंतांवर आपण प्रेम केलें ते कांहीं अंशीं आपल्या मालकीचे झाले. त्यांनीं एकत्र राहावें कीं नाहीं, आणि राहावयाचें तर कोणत्या रूपांत राहावें, हें ठरविण्याचा आपणांस अधिकार आहे. प्रेमानें असा हक्क उत्पन्न होतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हें वेड परदेशांतून आलेलें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. फुलंब्री हें नांव मराठी संगीताच्या इतिहासांत एका आडनांवाच्या रूपानें वावरत आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांचा जन्म आळंदीचा. पण आडनांवांतलें गांव आमचें. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य. १९२२ सालीं बुवा निवर्तल्यावर गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकांना चाली देण्याचें काम त्यांच्याकडे आलें. १९३१ च्या 'कान्होपात्रे'चें संगीत त्यांचेंच. ज्या मंडळीचे ते असे आधारस्तंभ झाले, ती मंडळी मुळांत एका फुटींतून जन्मास आलेली होती. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें खाडिलकरांचें 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनी झाले होते बालगंधर्व. पुढें दोनच वर्षांनीं, १९१३ सालीं, बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच वर्षांत टेंबेहि तींतून निघाले. इकडे केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालींच हुबळीस 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली होती. या दोन मंडळ्यांच्या चाहत्यांमध्यें महाराष्ट्र वांटला गेला. एकाच्या लडिवाळ आलापीचा भक्त दुसऱ्याच्या तडफदार तानेला नांवें ठेवी. आणि तरीहि हे दोघे एका रंगमंचावर दिसावे अशी सुप्त इच्छा दोन्ही पक्षांच्या पोटांत होती.

ती इच्छा ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत पुरी झाली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं दोन्ही मंडळ्यांनीं 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीपेक्षां पुष्कळ चढे होते, आणि तरीहि लोक लोटले. 'संयुक्त मानापमान' हें नांव शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि मराठी माणूस एखाद्या पर्वणीचें नांव घ्यावें तसें घेतो. ज्यांनीं तो प्रयोग पाहिला त्यांपैकीं कोणी आतां उरला नसेल. पण न पाहिलेल्यांनाहि त्याचा अभिमान वाटतो.

या आनंदाचें पृथक्करण केलें तर त्यांत तीन पदर दिसून येतात. पहिला पदर निर्भेळ कलानंदाचा. दोन उत्कृष्ट गळे एका पदांत समोरासमोर आले तर होणारा सुखाचा लाभ एकट्यादुकट्याच्या गाण्यांत होत नाहीं. दुसरा पदर समेट पाहण्याच्या इच्छेचा. भांडण मिटलेलें पाहावें ही ओढ मनुष्याला उपजत असते. महाभारतांतील शिष्टाईचा प्रसंग आपण शेवट ठाऊक असूनहि दर वेळीं आशेनें ऐकतों, तें याच ओढीमुळें. हे दोन्ही पदर निर्दोष आहेत. तिसरा पदर मात्र जरा निराळा आहे. तो आपल्या गेलेल्या दिवसांचा. जीं गाणीं आपण विशीत असतांना ऐकलीं तीं गाणाऱ्यांबरोबर आपली विशीहि गेली. गाणारे परत आले तर तीहि परत येईल अशी एक वेडी आशा मनाच्या तळाशीं असते. ती उच्चारली तर हास्यास्पद वाटते, म्हणून ती कोणी उच्चारीत नाहीं. पण पडदा वर जातो तेव्हां बहुतेकांच्या डोळ्यांत जें पाणी येतें त्यांत तिचा वांटा मोठा असतो.

यांतहि वाईट असें कांहीं नाहीं. आठवणीनें डोळे ओले होणें हा कांहीं गुन्हा नव्हे. अडचण पुढें येते. जी वस्तु कलावंतांनीं आपल्यापासून नेलीच नव्हती ती त्यांनीं परत आणून द्यावी, असें आपण मागूं लागतों. ती त्यांना देतां येत नाहीं. मग आपण रुष्ट होतों, आणि आवाज उतरला, वय दिसूं लागलें, जुना जोम राहिला नाहीं, अशा तक्रारी करूं लागतों. वय आपलेंहि दिसूं लागलेलें असतें. परंतु त्याचा आरसा समोरच्या माणसाच्या तोंडावर धरणें आपणांस अधिक सोयीचें वाटतें.

बालगंधर्वांच्या उत्तरकाळाकडे पाहिलें म्हणजे या मागणीचा भार किती असतो याची कल्पना येते. मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला होता. १९३५ सालीं ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' या बोलपटांत एकनाथमहाराजांच्या भूमिकेंत आले. दिग्दर्शक शांतारामबापू, आणि संगीत आमच्या मास्तर कृष्णरावांचें. नाटकाची जुनी जोडी नव्या पडद्यावर पुन्हां एकत्र आली होती. विषयहि आमच्याच जिल्ह्यांतील पैठणच्या संताचा. परंतु ज्या लोकांनीं वीस-पंचवीस वर्षें त्यांना शालू नेसलेलें पाहिलें होतें, त्यांना हे गंधर्व आपले वाटले नाहींत. आणि प्रेक्षकांवांचून, यंत्रासमोर अभिनय करणें त्यांनाहि मानवलें नाहीं. एकाच चित्रपटानंतर ती भागीदारी संपली. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'मध्यें ते पुन्हां स्त्रीवेषांत दिसले, आणि पन्नाशी उलटून गेल्यावरहि स्त्रीभूमिकाच करीत राहिले. यांत त्यांची स्वतःची आवड किती, कर्ज किती आणि लोकांचा आग्रह किती, याची वांटणी आज कोणीं करूं नये. एवढें मात्र खरें कीं, ज्या प्रेमानें त्यांना डोक्यावर घेतलें त्याच प्रेमानें त्यांना एका वयांत आणि एका वेषांत खिळून ठेवण्याची पराकाष्ठा केली. प्रेम करणाऱ्यांच्या मनांत क्रौर्य मुळींच नव्हतें. पण परिणाम पाहतां त्याला दुसरें नांव सुचत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कलावंत जगतो तो आमच्या जिवावर. आम्हीं तिकिटें काढलीं, टाळ्या दिल्या, मंडळीचे वाद अंगावर घेऊन मित्रांशीं भांडलों; या सर्वांचें कांहीं ऋण त्याच्यावर नाहीं काय? हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. तिकिटाच्या पैशानें हक्क उत्पन्न होतो यांत शंका नाहीं. परंतु तो त्या रात्रीपुरता. ज्यानें पैसे घेतले त्यानें मन लावून गावें, वेळेवर यावें, आजारीपणाचें सोंग करूं नये, हें मागण्याचा अधिकार तिकीट घेणाऱ्याला आहे. आणि गाणें वाईट झालें तर तें वाईट झालें असें म्हणण्याचाहि आहे. प्रयोग संपला कीं तो हिशेब पुरा झाला. प्रेमाची गोष्ट वेगळी. प्रेमामुळें बंधन येतें तें प्रेम करणाऱ्यावर. आईच्या प्रेमानें मुलावर ऋण चढतें असें आपण म्हणतों. पण नीट पाहिलें तर तें ऋण तिच्या रात्रींच्या जागरणांचें आणि खस्तांचें असतें, नुसत्या प्रेमाचें नसतें. श्रोत्यानें गवयासाठीं अशा खस्ता खाल्लेल्या नसतात. त्यानें गाणें ऐकलें आणि तो सुखी झाला. म्हणजे ऋणाचा विचारच करावयाचा तर पारडें उलट बाजूसच झुकतें.

नकार देण्याची मुभा कलावंतास असली पाहिजे, हें आपण तोंडानें कबूल करतों; पण तो नकार प्रत्यक्ष आला म्हणजे आपणांस अन्याय झाल्यासारखें वाटतें. 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध बँडचे तीन हयात वादक १० डिसेंबर २००७ रोजीं लंडन येथें एका रात्रीपुरते एकत्र आले. १९८० सालीं वारलेल्या चौथ्याच्या जागीं त्याचा मुलगा ड्रम वाजवावयास बसला. तिकिटांसाठीं सुमारें दोन कोटी लोकांनीं नांवें नोंदविलीं असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. पुढें दौरा काढण्याची मागणी झाली. गायक रॉबर्ट प्लँट यानें ती मान्य केली नाहीं. आपल्या गळ्याचें आणि आपल्या उरलेल्या वर्षांचें काय करावें हें ठरविण्याइतकें स्वातंत्र्य त्यास असूं नये काय? कीर्तनकाराच्या घरांत बापाची वीणा मुलाच्या खांद्यावर येते तेव्हां आपण त्या मुलाला, तूं रोज बापासारखाच गा, असें सांगत नाहीं. तो उभा राहिला यांतच धन्यता मानतों.

नकाराचा हा मुद्दा आपल्या काळांत आणखी एका दिशेनें निकडीचा झाला आहे. 'बीटल्स' १९७० सालीं फुटले. पुढील दहा वर्षें त्यांनीं एकत्र यावें म्हणून जगानें त्यांच्या मिनत्या केल्या, त्यांच्यापुढें लाखों डॉलर ठेवले. ते आले नाहींत. ८ डिसेंबर १९८० रोजीं जॉन लेननचा खून झाला आणि तो विषय संपला असें वाटलें. परंतु २०२३ सालीं त्याच्या एका जुन्या ध्वनिफितींतून संगणकाच्या साह्यानें त्याचा आवाज निराळा काढून चौघांच्या नांवें एक नवें गाणें प्रसिद्ध झालें. जे दोघे हयात होते त्यांनीं तें प्रेमानें केलें आणि दिवंगतांच्या कुटुंबीयांची संमति घेतली. तेव्हां त्यांस दोष देतां येणार नाहीं. तरी एक प्रश्न उरतोच. जिवंत माणसाला नाहीं म्हणतां येतें. मेलेल्याला येत नाहीं. ज्या पुनर्मीलनांत एका बाजूस नकाराची शक्यताच उरलेली नाहीं, त्यास मीलन म्हणावें काय? आज हें एका गाण्यापुरतें झालें. उद्यां आपल्या दिवंगत गायकनटांचे आवाज घेऊन रोज नवे 'संयुक्त' प्रयोग कोणी सिद्ध करील. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीहि येईल. त्या वेळीं रसिकाला हक्क आहे कीं नाहीं या प्रश्नाचें उत्तर आपल्यापाशीं तयार असलेलें बरें; कारण ज्यांनीं अडवावयाचें ते अडवूं शकणार नाहींत.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. 'पैशासाठीं आले' हें दूषण देणाऱ्यांना 'संयुक्त मानापमाना'ची कथा सांगून भागणार नाहीं. कारण तेथें पैसा पुष्कळ होता, पण तो देशकार्यास गेला, असें ते म्हणतील. म्हणून घराजवळचेंच दुसरें उदाहरण देतों. १९८४ सालीं मुंबईंत 'रॉक मशीन' नांवाचा बँड निघाला. त्या काळीं असे बँड बहुधा विलायती गाणींच वाजवीत, आणि श्रोत्यांनाहि तींच हवीं असत. या तरुणांनीं स्वतः रचलेलीं गाणीं गाण्याचा हट्ट धरला आणि १९८८ सालीं आपला पहिला संग्रह काढला. १९९३ मध्यें त्यांनीं 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें, आणि १९९७ सालीं ते पांगले. तेरा वर्षांनीं, २०१० मध्यें, उदय बेनेगल, महेश तिनाईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे पुन्हां जमले. बास आणि ड्रम यांसाठीं त्यांनीं दोन नवे वादक घेतले. जुन्या गाण्यांवर चार कार्यक्रम करून स्वस्थ बसणें त्यांना अवघड नव्हतें. त्यांनीं २०१२ सालीं नवा संग्रह काढला आणि त्याला नांव दिलें 'इव्हॉल्व्ह', म्हणजे उत्क्रांत होणें. या मंडळींचें संगीत सर्वांना रुचेल असें मी म्हणत नाहीं. माझ्या वयाच्या पुष्कळांना तें कर्णकटुहि वाटेल. पण त्यांच्या वर्तनांत एक नीति आहे. एकत्र येतांना त्यांनीं मधल्या वर्षांना नाकारलें नाहीं. कोणी कां आला, पैशासाठीं कीं प्रेमासाठीं, याचा तपास आपणांस लागणें कठीण, आणि बहुधा दोन्ही कारणें मिसळलेलींच असतात. येऊन त्यानें काय केलें, हें मात्र आपणांस पाहतां येतें, आणि न्याय करावयाचा तर तो त्यावरच करावा.

नवें करणें म्हणजेच सर्व कांहीं, असाहि याचा अर्थ नव्हे. आषाढांत पंढरीच्या वाटेवर तेच अभंग शतकानुशतकें म्हटले जातात आणि कोणाला शिळे वाटत नाहींत. आमच्या बाजूस हरिनाम सप्ताहाच्या वेळीं, वर्षभर फुटून निघालेल्या भजनी मंडळ्या एका मांडवांत बसतात, आणि पखवाज कोणाचा, टाळ कोणाचे हा वाद तेवढ्यापुरता मिटतो. गातात तें जुनेंच. तेथें जुनें जुनें कां वाटत नाहीं? गाणारा आणि ऐकणारा दोघांचीहि दृष्टि तिसरीकडे, विठ्ठलाकडे असते म्हणून. गाणाऱ्यानें विशीतला गळा परत आणावा असें तेथें कोणी म्हणत नाहीं. म्हाताऱ्याचा घोगरा सूरहि चालतो, कारण मागणें गळ्याकडे नसतेंच. रंगभूमीवर विठ्ठल नसेल, पण गाणें तर असतें. गाणें ऐकावयास जो जातो त्याला गाणाऱ्याचें वय खुपत नाहीं. स्वतःचें तारुण्य शोधावयास जो जातो त्याला मात्र गाणाऱ्याचें पिकलेलें केसहि शत्रूसारखें वाटतात. दोष पुनरुक्तींत नाहीं. आपण काय मागावयास बसलों आहोंत यांत आहे.

'संयुक्त मानापमाना'नंतर 'सौभद्रा'चाहि संयुक्त प्रयोग झाला. आतां हे दोघे वरचेवर एकत्र दिसतील असें लोकांना वाटूं लागलें असेल. तसें वाटणें स्वाभाविकच होतें. परंतु ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं विषमज्वरानें केशवरावांचें निधन झालें. वय अवघें एकतीस. बालीवाला थिएटरांतील त्या रात्रीला तीन महिनेहि पुरे झाले नव्हते. त्या प्रयोगाला जे हजर होते त्यांना आपण शेवटचें कांहीं पाहत आहोंत हें ठाऊक नव्हतें; आणि तें ठाऊक नव्हतें म्हणूनच कदाचित् त्यांनीं तो मोकळ्या मनानें पाहिला.

वेगळे झालेले कलावंत पुन्हां एकत्र आले तर आपण अवश्य जावें, ऐपतीप्रमाणें तिकीट काढावें, आणि चांगलें झालें तर मनापासून दाद द्यावी. न आले तर त्यांनीं आधीं जें दिलें तें कांहीं कमी होत नाहीं. मास्तर कृष्णरावांच्या चाली त्यांची मंडळी मोडल्यावरहि महाराष्ट्राच्या ओठांवर राहिल्याच. आमच्या विद्यार्थ्यांच्या त्या दोन पक्षांना मीं इतकेंच सांगितलें कीं, तुमच्यापैकीं एकजण मालकी सांगतो आहे आणि दुसरा सावकारी करतो आहे. दोघांनींहि थोडा वेळ नुसतें ऐकून पाहावें. त्यांना तें कितपत पटलें कोण जाणे! त्यांच्या कानांत त्या वेळींहि कोणाचें तरी गाणें चालूं होतें.